भुताला मदत करायची आहे: लहान मुलांसोबत मिस्टेरियम कसा खेळायचा, आणि विकत नसेल घ्यायचा तर घरी कसा बनवायचा

सात-आठ वर्षांच्या मुलांना भुताच्या गोष्टी तर हव्या असतात आणि रात्री बाथरूमला मात्र एकटं जायचं नसतं, दोन्ही एकदमच असतं. म्हणून "भुताचा बोर्ड गेम" म्हटलं की बरेच आईबाबा आधीच नको म्हणतात. मला वाटतं भूत कसलं आहे त्यावर सगळं आहे. मागे लागणारं भूत असेल तर मुलं घाबरणारच ना, पण भूतच बिचारं अडचणीत असेल, त्याला बोलता येत नसेल, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याला मदत करायची असेल, तर तीच मुलं टेबलावर कोपरं टेकून तासभर हलत नाहीत. मिस्टेरियम मला म्हणूनच इतका आवडतो, आणि लहान मुलांसाठी थोडे बदल केले की तो घरातल्या सगळ्यांचा गेम होतो.

आधी मूळ गेम थोडक्यात. ओलेक्सांद्र नेव्हस्की आणि ओलेग सिडोरेंको या दोघांनी तो बनवला, आणि आता दुकानात जो देखणा डबा मिळतो तो लिबेलुड या फ्रेंच कंपनीने 2015 मध्ये काढला. 2 ते 7 जण खेळू शकतात, डब्यावर वय 10 च्या पुढे आणि वेळ 42 मिनिटं लिहिलेली असते (लहान मुलं असतील तर तासभर धराच). गोष्ट 1920 च्या दशकातली, स्कॉटलंडमधला एक जुना वाडा, तिथे एक भूत आहे आणि त्याला काहीतरी सांगायचंय. एक खेळाडू भूत होतो, बाकीचे सगळे त्याचं म्हणणं ओळखणारे. भूत बोलत नाही, हातवारे करत नाही, ते फक्त चित्रं देतं. स्वप्नात दिसावीत तशी विचित्र, गर्द रंगाची चित्रं, अशी 84 कार्डं असतात. प्रत्येक खेळाडूला आपापला एक माणूस, एक जागा आणि एक वस्तू शोधायची असते, ती सगळी कार्डं टेबलावर सगळ्यांसमोर मांडलेली असतात, आणि त्यातलं कुठलं कोणाचं हे एकट्या भुताला माहीत असतं. गेममधले सात तास म्हणजे सात फेऱ्या. सातव्या फेरीपर्यंत सगळ्यांचं सापडलं पाहिजे, एकाचं जरी राहिलं तरी सगळे हरले. म्हणजे यात एकमेकांविरुद्ध खेळणं नाहीच, सगळे एका बाजूला.

आणि आपल्या घरांसाठी सगळ्यात मोठी सोय म्हणजे त्या चित्रांवर एक अक्षरही छापलेलं नसतं. नियम एकाने वाचून समजून घेतले की बाकी सगळं मराठीत चालतं. ज्या आजीला इंग्रजी गेमच्या नावानेच "तुम्ही खेळा, मी बघते" म्हणायची सवय असते ती आजी यात सगळ्यात पुढे असते, कारण चित्र बघून गोष्ट जुळवणं हे तिचं रोजचं काम आहे. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांसोबत खेळताना तर याचा फार उपयोग होतो, पोरगं अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बोलतं पण चित्रावरून वाद घालायला लागलं की आपोआप मराठी शब्द शोधायला लागतं.

आता बदल. डब्यातल्या गोष्टीत खून आहे. दहा वर्षांच्या पुढच्यांना काही वाटत नाही पण सहा-सात वर्षांच्या मुलासमोर खुनाची गरजच नाहीये, गेम त्याच्याशिवाय तसाच चालतो. मी सांगते ती गोष्ट अशी: या वाड्यात एक भूत राहतं, त्याची एक आवडती वस्तू हरवलीये, ती कोणी पाहिली आणि कुठे पाहिली हे त्याला अर्धवट आठवतंय, आणि ते आठवणीतली चित्रं आपल्याला दाखवतंय. बस. वस्तूंच्या गठ्ठ्यातली धारदार, हत्यारांसारखी कार्डं पहिल्या काही खेळांत सरळ बाजूला ठेवा, किंवा तो गठ्ठाच काढू नका, माणूस आणि जागा एवढंच शोधायचं. दोनच गठ्ठे घेतले तर सातऐवजी पाच फेऱ्या ठेवा म्हणजे चुरस टिकते. मात्र सगळीच मुलं सात वर्षांच्या आतली असतील तर सात फेऱ्याच राहू द्या.

टेबलावर मांडायची कार्डंही कमी करा. चार जण ओळखणारे असतील तर सहा माणसं आणि सहा जागा पुरे, म्हणजे प्रत्येक गठ्ठ्यात दोन कार्डं कोणाचीच नसतात. डब्यात दोन मिनिटांची वाळूची घडी येते, ती लहान मुलांना दाखवूच नका, नाहीतर सगळं लक्ष वाळूकडे जातं. दुसऱ्याचा अंदाज बरोबर की चूक यावर टोकन लावायचा एक नियम आहे, तोही सुरुवातीला सोडून द्या, मोठ्यांसाठी तो मजेचा आहे पण लहान मूल "ताईने माझं चूक आहे म्हणून सांगितलं" एवढंच डोक्यात घेऊन बसतं.

"चूक" हा शब्दच मी टेबलावरून काढून टाकलाय. अंदाज हुकला की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "चकवा लागला!" रानात वाट चुकवून फिरूनफिरून त्याच जागी आणणारा तो चकवा मुलांनी आजोबांकडून ऐकलेला असतो किंवा मग तेव्हा ऐकायला मिळतो, आणि चकवा काय कोणालाही लागतो, त्यात कोणाचं डोकं कमी ठरत नाही. भुताने उत्तर द्यायचं ते टेबलावर टकटक करून, एक टक म्हणजे बरोबर, दोन टक म्हणजे चकवा. मुलं या आवाजाची जी वाट बघतात, श्वास रोखून, त्यासाठी तरी ठेवाच.

खरी कला आहे ती चित्र देण्यात, आणि इथे मोठी माणसं बहुतेकदा फार हुशारी करायला जातात. भुताच्या हातात नेहमी सात चित्रं असतात. एका खेळाडूला एक किंवा जास्त चित्रं द्यायची, तेवढीच नवीन उचलून परत सात करायची, मग पुढच्याला. आता समजा (माणसं पुढे दिलेल्या घरच्या गेममधली घेऊ) तुम्हाला कोळीण ओळखून घ्यायची आहे आणि हातात आहे निळं आकाश, एक जुनं घड्याळ, आंब्याची रास, पावसातल्या छत्र्या, हत्ती, चांदीची ताटं आणि रिक्षाखाली बसलेलं मांजर. मोठा माणूस निळं आकाश देतो, का तर निळं म्हणजे समुद्र आणि समुद्र म्हणजे कोळीण. पोरगं आकाश बघून पक्षी, विमान, पत्र असं करत पोस्टमनवर जाऊन बसतं. मांजर दिलं असतं तर पाच वर्षांचं पोरही "मासे!" म्हणून ओरडलं असतं. म्हणजे लहान मुलासाठी दोन उड्या नकोत, एकच उडी. मांजराला मासे आवडतात, झालं. रंग चालतो, पण तो चित्रभर असेल तर. आकडाही छान चालतो, तीन छत्र्या आणि तीन खांब. मनातला भाव, म्हणजे उदास चित्र, शांत चित्र, हे आठ-नऊ वर्षांनंतर जमायला लागतं. आणि मुलं कोपऱ्यातली बारीक गोष्ट आधी बघतात हे कायम लक्षात ठेवा, तुम्ही हत्तीसाठी चित्र दिलं आणि हत्तीच्या पायाशी एक लाल चेंडू असेल तर मूल चेंडूच धरणार. म्हणून एका वेळी एकच चित्र द्या. तीन दिलीत तर तीन चेंडू होतात.

पहिल्या फेरीत चकवा लागला तर जुनं चित्र त्या मुलासमोरच राहतं आणि पुढच्या फेरीत आणखी एक मिळतं, आणि माझ्या मते या गेमचा सगळा जीव या दुसऱ्या चित्रात आहे. समजा उत्तर शिंपी आहे. तुम्ही आधी पतंग दिला, मुलाने कागद म्हणून परत पोस्टमन धरला. दोन टक. आता दुसरं चित्र कुठलं द्यायचं? पतंगाशी काहीतरी एकच गोष्ट जुळेल असं. हातात भिंतीवरच्या कोळ्याचं जाळं आलंय, ते द्या. आणि शेजारी बसलेल्या मोठ्याने एवढंच विचारायचं, "दोन्हीत सारखं काय आहे गं?" पतंग आणि जाळं. मूल एकदा याच्याकडे बघतं, एकदा त्याच्याकडे, मग बोट हवेत फिरायला लागतं आणि "दोरा! दोरा आहे दोन्हीत! शिंपी!" हे एकदा जमलं की त्या मुलाला पुढे काही शिकवावं लागत नाही, ते स्वतःच विचारायला लागतं की भुताने हे का दिलं असेल. दुसऱ्याच्या डोक्यात शिरून बघायचा हा विचार शब्दांनी समजावणं किती अवघड असतं ते घरात मूल असलेल्याला सांगायला नको.

हातातली सातही चित्रं निरुपयोगी वाटली तर कावळा वापरायचा. मूळ गेममध्ये भूत उत्तरं लपवायला समोर एक उभा पडदा ठेवतं, त्यावर कावळे बसवता येतात, कावळा बसवला की हातातली नको ती चित्रं टाकून नवीन घेता येतात, आणि सोप्या पातळीला हे दर फेरीत एकदा करता येतं. लहान मुलांसोबत कायम सोपी पातळीच ठेवा.

मुलांना गप्प बसवू नका. आपापसात बोलणं हाच गेम आहे. फक्त एक नियम कडक, ज्याचं चित्र त्याचा शेवटचा निर्णय. दादा कितीही म्हणू दे, अंदाजाच्या कार्डावर सोंगटी ठेवायची ज्याची त्यानेच. सहाच्या आतलं मूल असेल तर त्याला आजीच्या किंवा आत्याच्या जोडीला बसवा, दोघांची मिळून एक सोंगटी, पण ठेवायची मुलाने.

पहिले एक-दोन डाव भूत मोठ्याने व्हायचं, मग मुलांना द्यायचं, आणि हे टाळू नका. अंधाराला घाबरणारं मूल भूत झालं की एकदम वेगळं होतं, कारण आता सगळे त्याच्याकडे बघतायत, सगळ्यांना त्याची गरज आहे, आणि भुताच्या पडद्यामागे काय असतं ते त्याला कळलंय. डोक्यावर आईची ओढणी घालून दिली तर गप्प राहणंही सोपं जातं, एरवी सात वर्षांच्या भुताला तोंड बंद ठेवणं फार जड. त्याला बोलायची परवानगी हवीच असेल तर एक लांब "हूंऽऽ" करू द्या, अर्थ काही नाही, नुसता हूं. लहान भुताला सातच्या जागी दहा चित्रं हातात द्या आणि एक मोठा माणूस बाजूला बसवा जो भुताच्या कानात फक्त एवढंच विचारेल की "तुला यात काय सारखं दिसतंय?" चित्र मात्र त्यालाच निवडू द्या, कितीही अजब वाटलं तरी. डाव संपल्यावर भुताने प्रत्येक चित्र का दिलं ते सांगायचं, आणि हा भाग घाईत उरकू नका, अर्धी मजा इथे आहे.

आता घरी बनवण्याचं. बाहेरून येणारा डबा आपल्याकडे महाग पडतो, आणि खरं सांगायचं तर सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी घरचा मला जास्त आवडतो, कारण त्यात वाडा आपला असतो. लागणारं सामान घरात असतंच. जुने दिवाळी अंक, मागच्या वर्षीची कॅलेंडरं, प्रवासाची मासिकं, जाहिरातींची पत्रकं यातून साठेक चित्रं कापायची. चित्र निवडताना त्यात दोन-तीन गोष्टी असाव्यात, नुसतं पांढऱ्यावर एक सफरचंद असलं तर ओळखायला काही उरतच नाही. सगळी एकाच मापाची, पत्त्यांपेक्षा मोठी, साधारण 8 बाय 12 सेंटिमीटर. मागे चिकटवायला लग्नपत्रिका काढा. घरात गठ्ठाच पडलेला असतो, कागद जाड असतो आणि वाकत नाही. फेविकॉल पातळ लावून रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवायचं. पत्रिकांचे रंग वेगवेगळे असतात तेव्हा मागच्या बाजूला एकसारखा कागद लावा, नाहीतर चलाख मुलं पाठीवरूनच चित्र ओळखतात.

भूत कोण, तर मुंजा. पिंपळावरचा, शेंडीवाला. लोककथेतला मुंजा म्हणजे मुंज झालेला लहान मुलगा, म्हणजे तो टेबलावरच्या मुलांच्याच वयाचा, आणि हे मुलांना लगेच भावतं. तो कसा मेला वगैरे सांगत बसू नका, विचारलंच तर "फार जुनी गोष्ट आहे" एवढं पुरे. त्याची विटी हरवलीये. दांडू आहे, विटी नाही. वाड्यात कोणीतरी ती पाहिलीये.

माणसं सहा: पोस्टमन, वासुदेव, कोळीण, पैलवान, शिंपी, हलवाई. जागा सहा: ओसरी, माजघर, माळा, न्हाणीघर, परसातली विहीर, तुळशीवृंदावन. वस्तू सहा, जिच्याजवळ विटी दिसली: कंदील, पानाचा डबा, चष्मा, छत्री, पितळी तांब्या, किल्ल्यांचा जुडगा. ही अठरा कार्डं मुलांकडूनच काढून आणि रंगवून घ्या, एक दुपार त्यातच जाते आणि सुट्टीत ते हवंच असतं. सहा गुणिले सहा गुणिले सहा म्हणजे 216 वेगवेगळी उत्तरं होतात, म्हणून तोच डाव परत आला असं होत नाही.

मुंज्यासमोर उभा पुठ्ठा लावायचा. त्याच्यामागे माणसांच्या, जागांच्या आणि वस्तूंच्या चिठ्ठ्या, प्रत्येक मुलासाठी तिन्हीतली एकेक उचलून ओळीने मांडून ठेवायची, म्हणजे दोन मुलांचं उत्तर एकच कधी येत नाही. मधल्या वाटीत सात चिंचोके, फेरी संपली की एक बाहेर. सोंगट्या कॅरमच्या, शर्टाच्या बटणांच्या, काहीही, फक्त रंग वेगळे हवेत. कावळा काळ्या कागदाचा घडी घालून. आधी सगळ्यांनी माणूस शोधायचा, ज्याचा सापडला त्याने ते कार्ड आपल्याकडे घेऊन, आधीची चित्रं परत करून जागेकडे वळायचं, मग वस्तूकडे. एखादा पुढे जाईल, एखादा माणसातच अडकेल, असू दे, पुढे गेलेल्याने मागच्याला मदत करायची.

सगळ्यांचं झालं की शेवटचा भाग. आता टेबलावर प्रत्येक मुलाकडे एकेक साक्ष आहे, जसं की पोस्टमनने माळ्यावर कंदिलाजवळ विटी पाहिली, कोळणीने विहिरीजवळ छत्रीपाशी पाहिली. यातली खरी एकच. मुंजा मनात एक धरतो (चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, नाहीतर लहान भुतं शेवटी मन बदलतात), आणि तीन चित्रं देतो, एक माणसासाठी, एक जागेसाठी, एक वस्तूसाठी, पण पिसून, कुठलं कशासाठी ते न सांगता. एकेक उघडायचं आणि मोठ्याने चर्चा करून सगळ्यांनी मिळून एका साक्षीवर बोट ठेवायचं. मूळ गेममध्ये इथे गुपचूप मतदान असतं आणि आधीची कामगिरी कमी असेल तर तिन्ही चित्रं बघायलाही मिळत नाहीत, पण लहान मुलांना तिन्ही दाखवा. एक टक आला की जो आरडाओरडा होतो त्यासाठी खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. खरी विटी घरात कुठेतरी लपवून ठेवली आणि जिंकल्यावर तिथे शोधायला पाठवलं तर अजून मजा.

भीतीचं प्रमाण तुमच्या हातात असतं. दिवे पूर्ण घालवू नका, एक टेबल लॅम्प चालू ठेवा, चित्रंही दिसायला हवीत. भितीदायक आवाजांचं म्युझिक सहाच्या आतल्या मुलांसोबत अजिबात नको. कुठल्याही मुलाने "पुरे" म्हटलं की लाईट लावायची, कारण विचारायचं नाही, हसायचं तर नाहीच. झोपायच्या लगेच आधी खेळू नका, संध्याकाळी जेवणाआधीची वेळ चांगली. आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं भुताला कधीच देऊ नका, मुलांच्या मनात ते कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. काही घरांत वडीलधाऱ्यांना हे प्लँचेटसारखं वाटतं, त्यांचं तोडून बोलू नका, एक डाव शेजारी बसवून दाखवा. इथे कोणाला बोलावत नाहीत, भूत म्हणजे ओढणी घेतलेला आपला चिन्मय किंवा सई, हे समोर दिसलं की हरकत राहत नाही.

मुलं अगदीच लहान, पाच-सहाची असतील आणि विकतच घ्यायचं असेल तर मिस्टेरियम किड्स बघा, त्यात चित्रांऐवजी आवाज आहे, भूत झालेलं मूल खंजिरी वाजवून, खरवडून, थोपटून चित्र सुचवतं. 2023 साली जर्मनीतला लहान मुलांच्या गेमचा मोठा पुरस्कार, किंडरश्पील देस यारेस, त्याला मिळाला. दहाच्या आसपासच्यांना मोठा डबा जड वाटत असेल तर 2020 चा मिस्टेरियम पार्क आहे, जत्रेतल्या पार्कातला, मांडणी कमी आणि डाव अर्ध्या तासात उरकतो. घरच्या गेमवर मुलं पक्की झाली की वाळूची घडी आणा, मग सहाच्या जागी आठ माणसं करा, मग टोकनचा नियम, एका वेळी एकच नवीन गोष्ट. आणि दर दिवाळीला नवे अंक वाचून झाले की घासून मऊ पडलेली दहाएक चित्रं काढून नवीन दहा घाला, कारण तोपर्यंत मांजर दिसलं की बघायच्या आधीच सगळे "कोळीण" म्हणायला लागलेले असतात.